गाडी तापते, पण केव्हा?

ताप आलेल्या माणसाला जुना वैद्य पहिला प्रश्न विचारी, "केव्हा येतो? सकाळी की तिन्हीसांजेला? थंडी वाजून येतो की नुसताच?" जुन्या मोटारीला ताप आला म्हणजे मात्र हा प्रश्न कोणीच विचारीत नाही. मालक म्हणतो, "गाडी तापते हो." मेस्त्री म्हणतो, "ठेवून जा." चार दिवसांनी गाडी परत येते, तिच्यात एखादा नवा भाग बसलेला असतो, मालकाच्या हातात बिल असते आणि पुढच्याच रविवारी काटा पुन्हा लाल रेघेला जाऊन भिडतो.

वर्षभर या सदरात आपण गळके नळ, कुरकुरणारे पंखे आणि पावसाळ्यात फुगणारी दारे यांचा समाचार घेतला. दिवाळी अंकाला साजेसे काहीतरी मोठे यंत्र घ्यावे, असे मनात होतेच. शिवाय दिवाळी म्हटली की घरोघरच्या गाड्या बाहेर पडतात. कोणी माहेरी, कोणी गावी, कोणी नुसतेच घाटमाथ्यावरची हवा खायला. नव्या गाड्यांचे कौतुक करणारे पुष्कळ आहेत. मी आज जुनीविषयी लिहिणार आहे.

आधी उष्णता येते कोठून, ते पाहू. पेट्रोलवर खर्च केलेला प्रत्येक रुपया सोळा आण्यांचा धरला, तर त्यातले चार-पाच आणेच चाके फिरवण्याच्या कामी येतात. पाच-सहा आणे सायलेन्सरवाटे धुराबरोबर निघून जातात आणि जवळजवळ तितकेच इंजिनाच्या अंगात उष्णता होऊन उतरतात. ही उष्णता बाहेर नेऊन टाकण्याचे काम पाण्याचे. इंजिनात तापलेले पाणी वरच्या रबरी पाइपाने रेडिएटरच्या माथ्यावर येते, बारीक नळ्यांतून खाली उतरता उतरता वाऱ्याने निवते आणि खालच्या पाइपाने पंप त्याला पुन्हा इंजिनात ओढून घेतो. वाटेत थर्मोस्टॅट नावाचा एक दारवान बसलेला असतो. इंजिन नीट गरम होईपर्यंत तो रेडिएटरकडचे दार उघडीत नाही. झाले, एवढाच सगळा संसार. पाणी, वारा, पंप, पंखा आणि दारवान. यांपैकी कोण कामचुकारपणा करतो, हे ओळखायचे असेल, तर "गाडी केव्हा तापते?" हाच प्रश्न विचारायला हवा. त्याची उत्तरे पाच.

पहिले उत्तर: "गर्दीत, सिग्नलला उभी असताना तापते, मोकळ्या रस्त्याला लागली की काटा उतरतो." म्हणजे पाणी ठीक आहे, वारा कमी पडतो आहे. धावत्या गाडीला वारा फुकट मिळतो. उभ्या गाडीला तो पंख्याने विकत घ्यावा लागतो. जुन्या गाड्यांत पंखा पट्ट्यावर फिरतो. इंजिन बंद असताना पट्ट्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबून पाहावे. साधारण अर्धा इंच दबला तर ठीक; लोंबकळत असेल तर तो घसरतो आहे. डायनमोही बहुधा त्याच पट्ट्यावर असतो, तेव्हा पट्टा घसरला की चार्जिंगचा लाल दिवाही मिणमिणतो. विजेवर चालणारा पंखा असला तर गाडी तापल्यावर तो फिरू लागतो की नाही, एवढेच ऐकावे. नाही फिरला, तर फ्यूजपासून तपासणीला आरंभ करावा. रेडिएटरच्या जाळीत धूळ, पाने आणि पावसाळ्यातले किडे यांचा लेप बसला असेल, तर तो साध्या नळाच्या पाण्याने, इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने धुवावा. सर्व्हिस स्टेशनच्या जोरकस फवाऱ्याने जाळीची नाजूक पाती वाकतात आणि रोगापेक्षा उपाय महाग पडतो.

दुसरे उत्तर: "शहरात काही नाही, घाटात किंवा वेगात तापते." इथे वारा भरपूर आहे, पण इंजिनाची उष्णताही तितकीच वाढली आहे आणि पाणी ती वाहून नेण्यास पुरे पडत नाही. रेडिएटरच्या नळ्या आतून चोंदल्या असतील, पंपाची पाती झिजली असतील, रबरी पाइप थकला असेल, ठिणगीची वेळ मागे पडली असेल किंवा एखाद्या चाकाचा ब्रेक चिकटून इंजिन विनाकारण ओढीत असेल. बोरवेलचे जड पाणी वर्षानुवर्षे घातलेल्या रेडिएटरला आतून काय होते, हे ज्यांनी न्हाणीघरातला जुना तांब्याचा बंब पाहिला आहे त्यांना सांगायला नको. तोच पांढरा थर इथेही.

तिसरे उत्तर: "सुरू केल्यावर दहा मिनिटांतच तापते." म्हणजे दारवान दार बंद करून झोपला आहे, किंवा पाणीच कमी आहे, किंवा पट्टा तुटला आहे, किंवा नुकतेच पाणी बदलताना आत हवेचा बुडबुडा अडकून बसला आहे.

चौथे उत्तर: "तापते की नाही ठाऊक नाही, पण रोज पाणी घालावे लागते." पाणी कोठेतरी जातेच. रात्री गाडीखाली जुनी वर्तमानपत्रे पसरून ठेवावी. सकाळी ओला डाग कोठे आहे, त्यावरून गळती पाइपाची, पंपाची की रेडिएटरची, ते बहुधा कळते. कागद कोरडा आणि पाणी मात्र कमी, असे झाले तर तेल घालायचे झाकण उघडून पाहावे. आत दुधाळ, सायीसारखा थर दिसला, गरम इंजिनाचा सायलेन्सर पांढरी वाफ सोडीत राहिला किंवा रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येऊ लागले, तर हेड गॅस्केट गेले असण्याचा संभव मोठा. इथे घरगुती उपाय संपतात. गाडी एक मैलही पुढे न नेता जाणत्या मेस्त्रीकडे ओढून न्यावी.

पाचवे उत्तर मौजेचे आहे: "काटा चढत नाही, पण उन्हाच्या वेळी गाडी मधेच बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते." हा पाण्याचा विकार नव्हे. पेट्रोलची नळी किंवा पंप तापून आत पेट्रोलचीच वाफ धरते आणि पुढची वाट अडते. जुने चालक पेट्रोलच्या पंपावर ओले फडके गुंडाळीत, ते याचसाठी. त्या फडक्याला हसू नये. त्यात पूर्ण शास्त्र आहे.

आता या प्रश्नाने काय साधते, ते एका प्रत्यक्ष उदाहरणाने सांगतो.

आमच्या कॉलनीत शेजाऱ्यांकडे १९९१ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी. शेठ वालचंद हिराचंद यांची ही कंपनी १९४४ सालची. इटलीच्या फियाट ११०० चे भारतीय रूप, पुढे १९७४ पासून पद्मिनी या नावाने, शतक बदलेपर्यंत तिथून बाहेर पडत राहिले. १०८९ सीसीचे चार सिलिंडरांचे साधे, उघडे-वाघडे इंजिन. बॉनेट उचलले की आत हात घालायला ऐसपैस जागा. मुंबईत ती टॅक्सी म्हणून राबली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सीही नियमाप्रमाणे सेवेतून उतरली. खासगी पद्मिनी मात्र अजून कोठे कोठे आहेत. पंधरा वर्षांनंतर गाडीची तपासणी करून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते आणि ती माणसे ती निष्ठेने घेतात.

शेजाऱ्यांची गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली. वडील गेले, गाडी राहिली. आजी आता ऐंशीच्या पुढे आहेत. दरवर्षी भाऊबिजेला त्या पुण्याला आपल्या धाकट्या भावाकडे जातात, आणि जातात त्या याच गाडीच्या पुढच्या डाव्या आसनावर बसून. गेल्या वर्षी घाटात गाडी तीनदा थांबली. खोपोली समुद्रसपाटीपासून शंभर मीटरसुद्धा उंच नाही आणि लोणावळा ६२० मीटरच्या आसपास. १८३० साली बोरघाटाचा रस्ता खुला झाला, तेव्हा तो चढताना बैल दमत असतील. गेल्या वर्षी पद्मिनी दमली. आजी दोन तास रस्त्याच्या कडेला उन्हात बसल्या होत्या, ही गोष्ट मुलाच्या मनाला फार लागली.

मग सुरू झाली गॅरेजांची वारी. पहिल्याने थर्मोस्टॅट काढून हातात दिला आणि म्हणाला, "आपल्या गरम देशात याचं कामच काय?" दुसऱ्याने नवा रेडिएटर सुचवला आणि बसवलाही. तिसऱ्याने मान हलवली आणि इंजिन उघडावे लागेल, म्हणून जो आकडा सांगितला, त्यात एखादी चांगली जुनी गाडी दारात आली असती. तिघांपैकी कोणीही ती केव्हा तापते, हे विचारले नाही. शेवटी शेजाऱ्यांनी भंगाराच्या व्यापाऱ्याला रविवारी सकाळी यायला सांगितले. आजींनी तक्रार केली नाही. एवढेच विचारले, "मग भाऊबिजेला पुण्याला काय रिक्षाने जायचं?"

हा प्रश्न मी आमच्या गच्चीतून ऐकला. शनिवारी दुपारी शेजाऱ्यांना म्हटले, "व्यापारी उद्या येणार ना? मग आजची संध्याकाळ मला द्या."

"काका, तीन मेस्त्री झाले," ते म्हणाले.

"होऊ देत. मला गाडीला हात नाही लावायचा. तुम्हालाच चार प्रश्न विचारायचे आहेत."

दादरच्या सिग्नलला तापते का? नाही. पाणी कमी होते का? थेंबभरही नाही. सुरू केल्याबरोबर तापते का? उलट, थर्मोस्टॅट काढल्यापासून गरम व्हायलाच वेळ लावते आणि पेट्रोल जास्त पिते. मग तापते केव्हा? "घाटात, आणि वाशीच्या पुढे जरा पाय दाबला की." म्हणजे उत्तर दुसरे. वारा निर्दोष, गळती नाही, गॅस्केटची लक्षणे नाहीत. रेडिएटर तर नवाच. चाके हाताने फिरवून पाहिली. ब्रेक मोकळे होते. ठिणगीची वेळ तिसऱ्या गॅरेजने यंत्रावर तपासून ठीक असल्याचे बिलावरच लिहिले होते. उरले पंप आणि रबरी पाइप.

गाडी अंगणात, उघड्या हवेत उभी केली. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये. सायलेन्सरमधला वास नसलेला विषारी वायू माणसाला सावध करीत नाही. हातब्रेक ओढला, गिअर न्यूट्रलला ठेवला, चाकांना विटा लावल्या. शेजाऱ्यांच्या मुलीला आत बसवले आणि बाकी सर्वांना पंख्यापासून दोन हात लांब उभे केले. पदर, ओढणी, शर्टाची बाही, टाय यांपैकी काहीही फिरत्या पंख्याजवळ जाता कामा नये. इंजिन चांगले गरम झाल्यावर मुलीला म्हटले, "आता हळूहळू ऍक्सिलरेटर दाब." विजेरी खालच्या पाइपावर धरली होती. इंजिनाचा आवाज चढला आणि तो पाइप आमच्या डोळ्यांदेखत आत ओढला जाऊन चपटा झाला. शहाळे संपत आले असता जोराने ओढल्यावर कागदी नळी होते तसा. पाय काढला की पुन्हा गोल. गाडी उभी असताना पाइप गोल, म्हणून तीन गॅरेजांत तो तीनदा निर्दोष सुटला होता. घाटात इंजिन जोरात फिरले, पंपाने पाणी जोरात ओढले की पाइप मिटे, आणि नेमके हवे तेव्हा पाणी बंद होई.

इंजिन निवल्यावर पाइप काढला. बाहेरून काळाभोर, आतून मऊ पडलेला आणि पापुद्रे सुटलेला. नवा पाइप आणला. त्याची किंमत चौघांच्या एका वेळच्या हॉटेलातल्या जेवणाहून कमी होती.

थर्मोस्टॅट शेजाऱ्यांनी सुदैवाने टाकून दिला नव्हता. त्याची परीक्षा स्वयंपाकघरातच होते. सूनबाईंकडून एक निकामी पातेले मागून घेतले, ते पुन्हा अन्नाला लावायचे नाही, या अटीवर. पाण्यात थर्मोस्टॅट दोऱ्याने लोंबता सोडला, शेजारी उष्णतामापक धरला आणि गॅस पेटवला. दार कोणत्या अंशाला उघडावे, तो आकडा बहुधा त्याच्या कडेवरच असतो. त्या आकड्याच्या जवळपास दार उघडले, पाणी निवल्यावर मिटले. दारवान प्रामाणिक निघाला आणि त्याला पुन्हा नोकरीवर घेतले. गरम देशात त्याची गरज नाही, ही समजूत चुकीची आहे. बाहेर कितीही ऊन असले तरी इंजिनाला लागणारी गरमी त्याहून पुष्कळ जास्त असते. ती वेळेवर न मिळाली तर पेट्रोल वाया जाते आणि इंजिन लवकर झिजते.

व्यापारी रविवारी आला, चहा पिऊन गेला.

आता रस्त्यात काटा चढलाच तर काय करावे, हे प्रत्येकाने, विशेषतः गाडी न चालवणाऱ्यांनीही, वाचून ठेवावे. वातानुकूल यंत्र असेल तर ते बंद करा. हिटर असेल तर पूर्ण सोडा. आत घाम फुटेल, पण इंजिनाची थोडी उष्णता तिकडे जाईल. पट्ट्यावरचा पंखा असेल तर गर्दीत गिअर न्यूट्रलला घालून इंजिन जरा जोरात फिरवा. काटा तरीही उतरला नाही, किंवा वाफ दिसली, तर सुरक्षित जागी कडेला घेऊन इंजिन बंद करा. "पुढच्या वळणावर पाणी मिळेल" या आशेवर चढलेला एक मैल हेड वाकवतो.

आणि रेडिएटरचे झाकण उघडू नका. शिटी न पडू देता, वाफ न जिरवता कुकरचे झाकण उघडणारी गृहिणी माझ्या पाहण्यात नाही. परंतु वाफ धरलेल्या रेडिएटरचे झाकण रुमालाने फिरवणारे पदवीधर पुरुष मी पुष्कळ पाहिले आहेत. तत्त्व तेच आहे. झाकणाने दर चौरस इंचाला सात पौंडांचा दाब धरला असेल तर आतले पाणी शंभराऐवजी सुमारे ११२ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो आणि ते सारे एका क्षणात उसळून तोंडावर येते. निदान पाऊण तास थांबावे. मग जाड फडके टाकून, तोंड बाजूला करून, झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवावे. फुसफुस पूर्ण थांबल्यावरच काढावे. पाणी घालायचे ते इंजिन निवल्यावर, थोडे थोडे. तापल्या धातूवर एकदम गार पाणी ओतले की तो तडकतो. काचेचा पेला तडकतो तसाच.

रेडिएटर गळू लागला तर जुने चालक त्यात मूठभर हळद टाकतात. छिद्र बारीक असेल तर हळद फुगून ते बुजते, हे खरे. पण तीच हळद पुढे नळ्याही बुजवते. घरी पोहोचण्यापुरता उपाय म्हणून ठीक. पोहोचल्यावर रेडिएटर धुऊन काढावा.

पाण्याऐवजी कूलंट घालावे का, असे पुष्कळजण विचारतात. घालावे, त्याने गंज धरत नाही आणि उकळण्याचा अंशही वाढतो. डब्यावर तयार मिश्रण असे लिहिले नसेल तर ते डिस्टिल्ड पाण्यात मिसळावे, नळाच्या नव्हे. मात्र त्यातले ग्लायकॉल विषारी असते आणि चवीला गोड. अंगणात सांडलेले कूलंट कुत्री-मांजरे चाटतात, मुले बोटे घालतात. सांडले की लगेच धुऊन टाकावे. डबा उंचावर, कुलपात ठेवावा आणि जुने कूलंट सरबताच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरू नये.

या दिवाळीत निघण्यापूर्वी, गाडी थंड असताना, दहा मिनिटे काढा. पाण्याची पातळी पाहा. पट्टा दाबून पाहा. दोन्ही रबरी पाइप बोटांत धरून दाबा. पाव दाबल्यासारखे मऊ लागले किंवा करकरले तर बदला. गाडी निवल्यावर पाइप चपटा झालेला आढळला, तर दोष बहुधा झाकणातल्या छोट्या उलट्या झडपेचा, झाकण बदला. डिकीत पाच लिटर पाणी, एक जाड फडके आणि एक जास्तीचा पट्टा ठेवा. गाडीच्या कप्प्यात एक छोटी वही ठेवा आणि काटा चढेल तेव्हा वेळ, ठिकाण, चढ की सपाट, गर्दी की मोकळे, एवढे चार शब्द लिहा. मेस्त्रीपुढे ती वही उघडा. चांगला मेस्त्री ती वाचून खूश होईल. जो ती न वाचताच बॉनेट उघडील, त्याच्याकडून गाडी परत आणायला हरकत नाही.

शेजाऱ्यांनी गेल्या आठवड्यात, भाऊबिजेची वाट न पाहता, घाट एकदा चढून पाहिला. काटा मध्यावरून हलला नाही. आजी बरोबर होत्याच. लोणावळ्याला चहाला थांबले, तेव्हा त्यांनी मुलाला विचारले म्हणे, "इतक्या लवकर आलो? मग मागच्या वर्षी तू मला उन्हात कशाला बसवलं होतंस?" त्याला उत्तर सुचले नाही, आणि मलाही ते या सदरात देता येणार नाही.

सर्व वाचकांना आणि त्यांच्या जुन्या-नव्या गाड्यांना दिवाळीच्या शुभेच्छा. पुढच्या अंकी आपल्या नेहमीच्या वाटेवर येऊ: पाणी न तापवणारा गीझर.